शाळा एकत्र झाल्या, शिक्षक कुठे गेले?

मार्च १९५३. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात शिक्षण अधीक्षकांनी एका कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र पाठवलं. मजकुराचा सारांश असा: सर्वोच्च न्यायालयात खटला चालू आहे. काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा ठेवणं घटनाबाह्य आहे असा निकाल लागला, तर गोऱ्या मुलांना काळ्या शिक्षकांनी शिकवलेलं शहरातल्या बहुतेकांना आवडणार नाही, असं आम्ही धरून चालतो आहोत. सबब पुढच्या वर्षासाठी तुम्हाला नेमणूक देता येत नाही.

निकाल लागायला अजून वर्षाहून जास्त अवकाश होता. हा खटला म्हणजेच जगभर गाजलेला ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते तेव्हा बहुधा ती याच निकालाशी संपते: आधी अंधार होता, मग न्यायालयाने दार उघडलं. निकाल मोठा होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्या शिक्षिकेला आलेलं पत्रही त्याच इतिहासाचा भाग आहे आणि ते वगळलं की आजच्या शाळांसाठी त्यातून घेण्यासारखं जे आहे तेही हातचं जातं. म्हणून हा इतिहास दोन साध्या प्रश्नांच्या आधाराने बघू. फळ्यासमोर कोण उभं होतं? आणि शाळेचा खर्च कोण करत होतं?

अक्षराची भीती

१७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने गुलामांवर कडक निर्बंध घालणारा कायदा केला आणि त्यात एक कलम होतं: गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला १०० पौंड दंड. लिहायला; वाचायला नव्हे. यामागचं गणित अगदी व्यवहारी होतं. मळ्याबाहेर जायचं तर गुलामाजवळ मालकाच्या हातची चिठ्ठी लागे. ज्याला लिहिता येतं तो आपली चिठ्ठी आपणच लिहील आणि पसार होईल. वाचन मात्र तेव्हा बऱ्याच मालकांना चालत होतं, कारण बायबल वाचलं तर गुलाम आज्ञाधारक होईल असा त्यांचा होरा होता.

हा होरा शंभरेक वर्षांत चुकला. १८२९ मध्ये बॉस्टनमधल्या डेव्हिड वॉकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाने गुलामगिरीविरुद्ध जळजळीत पुस्तिका छापली आणि ती लपतछपत दक्षिणेत पोचू लागली. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरने उठाव केला. टर्नर लिहिता-वाचता होता, बायबल त्याला तोंडपाठ होतं. दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी या सुमारास वाचन शिकवण्यावरही बंदी आणली. नॉर्थ कॅरोलिनाच्या १८३०च्या कायद्याने तर कारणही लिहून ठेवलं: गुलामांना लिहा-वाचायला शिकवलं की त्यांच्या मनात असंतोष निर्माण होतो आणि त्यातून बंड होतं. गोऱ्याने शिकवलं तर १०० ते २०० डॉलर दंड. गुलामाने दुसऱ्या गुलामाला शिकवलं तर उघड्या पाठीवर ३९ फटके. ज्यांना शिकण्याची बुद्धीच नाही असं एकीकडे सांगितलं जात होतं, त्यांच्या शिकण्यावर बंदी घालायला कायदा लागला, हे विसरू नये.

तरी लोक शिकलेच. बाल्टिमोरमध्ये फ्रेडरिक डग्लस या मुलाला मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली होती. मालकाला कळलं, त्याने ते थांबवलं आणि शिकलेला गुलाम हाताबाहेर जातो असं बायकोला बजावलं. डग्लसने ते ऐकलं. पुढे तो सांगतो की स्वातंत्र्याची वाट कुठून जाते ते त्याला त्याच क्षणी समजलं. मग घरातली पावाची तुकडी खिशात घालून तो रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना देई आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून वाचन शिकून घेई. सव्हाना शहरात सुझी किंग टेलर ही मुलगी एका स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईच्या घरी गुपचूप भरणाऱ्या शाळेत जायची. पुस्तकं कागदात गुंडाळायची, म्हणजे रस्त्यात पोलिसाला दिसणार नाहीत. पुढे ती स्वतः शिक्षिका झाली.

उत्तरेतही सगळं आलबेल नव्हतं. कनेक्टिकटमधल्या कँटरबरी गावात प्रुडन्स क्रँडल या गोऱ्या बाईंनी १८३३ मध्ये कृष्णवर्णीय मुलींची शाळा सुरू केली. दुकानदारांनी माल देणं बंद केलं, विहिरीत शेण टाकलं, राज्याने खास कायदा केला, बाईंना एक रात्र तुरुंगात काढावी लागली. सप्टेंबर १८३४ मध्ये जमावाने शाळेच्या खिडक्या फोडल्या आणि शाळा बंद पडली. यानंतर चौदा वर्षांनी पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं. हे वाचताना मराठी माणसाला ते आठवल्यावाचून राहत नाही.

सरकारी शाळा कुणी मागितली

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. गुलामगिरी गेली. उत्तरेतल्या मिशनरी संस्था आणि ‘फ्रीडमन्स ब्युरो’ हे सरकारी खातं दक्षिणेत शाळा काढायला आलं, हे पुस्तकांत असतंच. पण ब्युरोचे शाळा निरीक्षक जॉन अल्व्हर्ड दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांना ठिकठिकाणी आधीच चालू असलेल्या शाळा दिसल्या. कुणी उघडून दिलेल्या नव्हत्या. मुक्त झालेल्या लोकांनीच सुरू केल्या होत्या. काही ठिकाणी शिकवणाऱ्यालाच जेमतेम वाचता येत होतं आणि तो जेवढं आलं तेवढं पुढे देत होता. अशा किमान ५०० शाळा असाव्यात, असा अल्व्हर्ड यांचा १८६६चा अंदाज आहे. आजी आणि नात एकाच बाकावर बसून तेच पुस्तक वाचत होत्या.

आणखी एक गोष्ट. युद्धाआधी दक्षिणेत गरीब गोऱ्यांच्या मुलांसाठीसुद्धा सरकारी शाळांची नीट व्यवस्था बहुतेक ठिकाणी नव्हती. पैसेवाले खासगी शिक्षक ठेवत, बाकीच्यांची मुलं शेतात राबत. १८६८ मध्ये साउथ कॅरोलिनाची नवी राज्यघटना लिहायला जे १२४ प्रतिनिधी बसले, त्यातले ७६ कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतले बरेच काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. त्या घटनेने सर्व मुलांना मोफत सार्वजनिक शिक्षण लिहून दिलं. दक्षिणेत सार्वजनिक खर्चाने सर्वांना शिक्षण ही मुळात कृष्णवर्णीयांची कल्पना, असं इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी पुढे म्हटलं ते याच आधारावर. म्हणजे गोऱ्या शेतमजुराच्या पोराला जी शाळा मिळाली, तीही यांच्यामुळे.

याच काळात, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं होतं. पुण्यात बसून त्यांनी या घडामोडीकडे किती जवळून पाहिलं होतं, याची ही खूण.

१८७० मध्ये दर १०० कृष्णवर्णीयांत साधारण ८० निरक्षर होते. १९१० मध्ये ३०. चाळीस वर्षांतली ही मजल. आणि ती गाठली तेव्हा राज्य त्यांच्या बाजूने नव्हतं, हे पुढे येईलच.

एकाच शाळेसाठी दोनदा कर

युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्रीय लष्कर १८७७ मध्ये मागे आलं आणि १८९० ते १९१०च्या दरम्यान राज्याराज्यांनी मतदान कर, साक्षरता चाचणी अशा युक्त्यांनी कृष्णवर्णीयांचं मत काढून घेतलं. मत गेलं की शाळा कशी जाते, हे समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत शाळा चालवतो तो स्थानिक शिक्षण मंडळ नावाचा निवडून आलेला किंवा नेमलेला गट, आणि पैसा बराचसा स्थानिक करातून येतो. मंडळावर आपलं कुणी नाही, मंडळाला आपल्या मताची गरज नाही. मग आपल्या मुलांच्या नावे आलेला पैसा दुसरीकडे वळवला तरी जाब विचारणार कोण?

कायद्यानेही हात वर केले. १८९६च्या प्लेसी खटल्यात रेल्वेच्या डब्यांवरून ‘वेगळे पण समान’ हे सूत्र मान्य झालं. त्यातलं ‘समान’ किती खरं, ते तीन वर्षांत दिसलं. जॉर्जियातल्या ऑगस्टा गावच्या मंडळाने पैसे नाहीत म्हणून कृष्णवर्णीयांचं एकमेव हायस्कूल बंद केलं. गोऱ्या मुलींचं हायस्कूल मात्र चालू ठेवलं. पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९९ मध्ये हरले. निकाल लिहिला न्या. हार्लन यांनी. प्लेसी खटल्यात एकट्याने विरोधी मत नोंदवणारे तेच हे हार्लन.

अशा वेळी लोकांनी काय केलं? वर्गणी काढली. कर तर भरतच होते, तो गोऱ्यांच्या शाळांकडे जात होता; वर आपल्या शाळेसाठी पुन्हा पैसा उभा करायचा. इतिहासकार याला दुहेरी कर म्हणतात. त्याचा सर्वांत ठसठशीत हिशेब रोझेनवाल्ड शाळांचा आहे. सीअर्स रोबक कंपनीचे मालक ज्युलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९१२च्या सुमारास अलाबामात सहा शाळांपासून सुरुवात केली. १९३२पर्यंत १५ राज्यांत जवळजवळ ५००० शाळा उभ्या राहिल्या. अट अशी होती की निधीतून काही रक्कम मिळेल, बाकीची गावाने आणि मंडळाने घालावी. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड निधीचे ४४ लाख आणि गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे, मजुरांचे ४७ लाख. शाळांना नाव दात्याचं लागलं, पण त्याच्यापेक्षा जास्त पैसा घातला तो कापूस वेचणाऱ्यांनी. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड कापून आणलं, कुणी कोंबड्या आणि केक विकून पैसे जमवले. इमारतींचे आराखडे मुद्दाम विचार करून केलेले होते: वीज नव्हती, म्हणून मोठ्या खिडक्यांच्या रांगा आणि पूर्व-पश्चिमेचा उजेड पूर्ण मिळेल अशी बांधणी.

या शाळांत शिकवायचं काय, यावर वॉशिंग्टन आणि द्यू बॉइस यांचा प्रसिद्ध वाद झाला. आधी हाताला धंदा की आधी उच्च शिक्षण? वादावर ग्रंथ आहेत, मी त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की गावच्या शाळेतल्या बाईंनी बहुतेक वेळा दोन्ही शिकवलं.

त्या वर्गांत काय चालायचं

इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात कमी सांगितलेला भाग हाच. वेगळ्या शाळांची अवस्था वाईट होती. पुस्तकं गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेली, शाळेचं वर्ष आखूड, कारण कापसाच्या हंगामात मुलं शेतावर हवीत. पगार निम्म्याच्या आसपास. हे रम्य करून सांगण्यासारखं काही नाही.

पण शिक्षक? वॉशिंग्टन शहरातलं डनबर हायस्कूल घ्या. १८७० मध्ये एका चर्चच्या तळघरात सुरू झालेली ही शाळा. तिथे डॉक्टरेट मिळवलेले शिक्षक शाळेतल्या मुलांना शिकवत. कारण उघड आहे: गोऱ्या विद्यापीठांत त्यांना कुणी उभं करत नव्हतं. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे पॅरिसच्या सोरबोनमधून डॉक्टरेट घेतलेल्या ॲना ज्युलिया कूपर तिथल्या मुख्याध्यापिका होत्या. कृष्णवर्णीय इतिहासाचा सप्ताह १९२६ मध्ये सुरू करणारे कार्टर वुडसन तिथे शिकवत. रक्तपेढीच्या तंत्रात पायाभूत काम करणारे डॉ. चार्ल्स ड्रू तिथले विद्यार्थी. बाहेरच्या भेदभावाने एका शाळेत केवढी विद्वत्ता कोंडली होती, आणि मुलांना त्याचा फायदा झाला. विचित्र आहे, पण तसं घडलं.

डनबर हा अपवाद म्हणता येईल. मग नॉर्थ कॅरोलिनातली कॅसवेल काउंटी ट्रेनिंग स्कूल ही ग्रामीण शाळा बघा, जिचा संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला आहे. तिथले शिक्षक मुलांच्या घरी जात, त्याच चर्चमध्ये बसत, बापाचं पीक बुडालं की त्यांना कळत असे. मूल नापास होत असेल तर ते मूलच ढ आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण संध्याकाळी त्याच्या आईशी गाठ पडणार. मुलांना सतत सांगितलं जाई की तुम्हाला दुप्पट चांगलं व्हावं लागेल. पालक शाळेसाठी साहित्य आणत, पैसे जमवत, मंडळाच्या कचेरीत जाऊन मागण्या करत. शाळा ही गावाची होती.

कायद्याची लढाईही या शिक्षकांच्या पगारापासून जोरात आली. नॉरफोकच्या मेल्विन ॲल्स्टन या शिक्षकाच्या खटल्यात १९४० मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की कातडीच्या रंगावरून पगार कमी देणं घटनेविरुद्ध आहे. त्याच्याआधी हाच दावा लावणाऱ्या शिक्षिकेची नोकरी गेली होती. मुलांसाठी लढायचं आणि किंमत नोकरीने चुकवायची, हा प्रकार पुढेही चालू राहिला.

एक बस आणि एक संप

ब्राऊन खटला खरं तर पाच खटल्यांची मोट होती. त्यातले दोन सांगायलाच हवेत.

साउथ कॅरोलिनातल्या क्लॅरंडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) गोऱ्या मुलांना ३० बसगाड्या आणि काळ्या मुलांना एकही नाही. काही मुलं एका बाजूने नऊ मैल चालत. पालकांनी वर्गणी काढून जुनी बस घेतली, ती सारखी बंद पडे. मंडळाकडे निदान पेट्रोलचा खर्च मागितला, तोही नाकारला. १९४९-५० मध्ये तिथे गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते, काळ्या मुलामागे ४३. बसची मागणी वाढत वाढत खटला झाली. ज्यांच्या नावाने तो लागला त्या हॅरी आणि एलायझा ब्रिग्ज या नवरा-बायकोच्या नोकऱ्या गेल्या. लोकांना एकत्र करणारे पाद्री आणि शिक्षक जोसेफ डीलेन यांचं घर जळालं, पुढे चर्चही, आणि शेवटी त्यांना राज्य सोडून पळावं लागलं.

दुसरा खटला सोळा वर्षांच्या मुलीने सुरू केला. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावचं मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेलं होतं. तिथे ४५०हून जास्त मुलं होती. मंडळाने डांबरी कागद ठोकलेल्या झोपड्या उभ्या करून दिल्या. पावसात गळायच्या, थंडीत शेगडीजवळचा भाजायचा आणि लांबचा गारठायचा. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स आणि तिच्या मैत्रिणी-मित्रांनी मुख्याध्यापकांना खोटा फोन करून बाहेर काढलं, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात पाठवून सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. मुलांची मागणी काय होती? चांगली इमारत. गोऱ्या मुलांच्या शेजारी बसायचं, अशी मुळात मागणीच नव्हती. वकिलांनी सांगितलं की लढायचंच असेल तर वेगळेपणाच्याच विरुद्ध लढू, आणि मुलं-पालक तयार झाले. मुख्याध्यापकांना संपाची कल्पना नव्हती, तरी पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पालकांना हवी होती बस, छप्पर, सारखा पैसा आणि भीतीशिवाय शिकणं. न्यायालयात ते ‘एकत्र शाळा’ या एका मागणीत बसवावं लागलं. द्यू बॉइस यांनी १९३५ मध्येच लिहिलं होतं की कृष्णवर्णीयांना वेगळी शाळाही नको आणि मिश्र शाळाही नको, त्यांना शिक्षण हवं आहे. त्या वेळी त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली.

निकालानंतर

१९५४च्या निकालात कधीपर्यंत, हे नव्हतं. १९५५च्या दुसऱ्या निकालाने सांगितलं की ‘योग्य त्या त्वरेने’ करा, आणि दक्षिणेने त्याचा अर्थ ‘शक्य तितक्या उशिरा’ असा घेतला. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांत गोऱ्यांबरोबर शिकणारी काळी मुलं सुमारे २ टक्के होती. फार्मव्हिलची काउंटी तर हद्द ओलांडून गेली. १९५९ मध्ये तिने सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, तिला सरकारी मदतीची वाटही करून दिली. काळ्या मुलांना पाच वर्षं सरकारी शाळाच नाही. काही नातेवाइकांकडे दुसऱ्या राज्यात गेली, काहींचं शिक्षण कायमचं तुटलं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या. या मुलांच्या शिक्षणासाठी व्हर्जिनियाने शिष्यवृत्ती ठेवली ती २००४ मध्ये, तेव्हा ती मुलं पन्नाशी-साठीला आली होती.

१९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चं केंद्रीय अनुदान आल्यावर, म्हणजे भेदभाव केला तर पैसा बंद होईल असं झाल्यावर, गाडी खरी हलली. आणि हलली ती कशी? जवळजवळ सगळीकडे काळ्यांची शाळा बंद झाली आणि मुलं गोऱ्या शाळेत गेली. उलटं फार क्वचित. चांगल्या बांधणीची काळी हायस्कूलं कनिष्ठ शाळा झाली. नावं बदलली, चषक आणि वर्गांचे जुने फोटो कचऱ्यात गेले. मुख्याध्यापक साहाय्यक झाले किंवा बस-वाहतुकीवर नेमले गेले. शिक्षकांना कमी करताना कारणं तयार होती: पट कमी, पदं जास्त, परीक्षेत गुण कमी. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतल्या आणि उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरच्या १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि शाळाप्रमुखांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज आहे. टोपेकाच्या अधीक्षकांचं पत्र ही अशा रीतीने पूर्वसूचना ठरली.

चार्ल्स्टनच्या सेप्टिमा क्लार्क या त्यांतल्या एक, जरा वेगळ्या कारणाने. चाळीस वर्षं शिकवल्यावर १९५६ मध्ये राज्याने नियम केला की सरकारी नोकराला ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेचं सदस्य राहता येणार नाही. बाईंनी सदस्यत्व लपवलं नाही. नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं. मग त्यांनी जॉन्स आयलंडवर प्रौढांसाठी नागरिक शाळा उभारायला मदत केली. पहिला वर्ग जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत भरला. पुढे दुकान असल्यामुळे आत काय चालतं ते बाहेर कळत नसे. शिकवायला निवडली बर्निस रॉबिन्सन, केशरचना करणारी बाई, शिक्षिका नव्हे. वर उभं राहून शिकवण्याची सवय नसलेली माणसं त्यांना हवी होती. पाठ्यपुस्तक नव्हतं, मनीऑर्डरचा फॉर्म, दुकानाचा कॅटलॉग आणि मतदार नोंदणीचा कायदा हेच धडे. पुढे दक्षिणेत अशा शेकडो शाळा निघाल्या आणि हजारो लोक मतदार झाले. शाळेतून काढलेल्या बाईंनी उभं केलेलं हे काम.

आजचं काय

एकत्र शाळांनी फायदा झाला का? झाला. १९७१ ते १९८८ या काळात सतरा वर्षांच्या काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वाचनातलं अंतर राष्ट्रीय चाचणीत निम्म्याहून अधिक घटलं. शाळेत पैसा आला, वर्ग लहान झाले, प्रयोगशाळा मिळाल्या. म्हणून ‘जुन्या वेगळ्या शाळाच बऱ्या होत्या’ असा निष्कर्ष काढणारे अर्धवट वाचतात.

पण १९७०च्या दशकातच दोन निकालांनी चाकं उलटी फिरू लागली. १९७३च्या रॉड्रिग्ज खटल्यात टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराचा प्रश्न होता. एजवूड या गरीब, बहुतांश मेक्सिकन वस्तीच्या भागात मालमत्ता कराचा दर जास्त होता, तरी मुलामागे ३५६ डॉलरच जमत. श्रीमंत अलामो हाइट्समध्ये दर कमी असून ५९४. घरांच्याच किमती कमी, तर कर कितीही लावा, पैसा येणार कुठून? न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सांगितलं की केंद्रीय घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. पुढच्या वर्षी मिलिकन खटल्यात डेट्रॉईटच्या उपनगरांना शहराबरोबरच्या एकत्रीकरणातून सूट मिळाली, तीही पाच विरुद्ध चार. गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, पैसा त्यांच्यामागे गेला, कायद्याचा हात शहराच्या हद्दीवर थांबला. कुठल्याही शाळेवर वंशाची पाटी नाही. पत्ता पुरतो.

फळ्यासमोरचा प्रश्नही तसाच राहिला. आज अमेरिकेच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे १५ टक्के आहेत, शिक्षक ६ टक्के. त्याने फरक पडतो का, याचं उत्तर आता आकड्यांत आहे. १९८०च्या दशकात टेनेसीत वर्ग लहान केल्याचा परिणाम तपासायला मुलांना चिठ्ठी टाकावी तसं वेगवेगळ्या वर्गांत वाटलं होतं. संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली. बालवर्ग ते तिसरी या काळात एकदा तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेली कृष्णवर्णीय मुलं हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात जाण्याची १९ टक्क्यांनी जास्त निघाली.

यात शिक्षकाच्या कातडीत जादू आहे असं कुणी म्हणत नाही. पुष्कळ गोरे शिक्षक उत्तम शिकवतात. कॅसवेलच्या शाळेत जे होतं ते पुन्हा आठवून पाहिलं तर कारण कळतं: मुलाच्या घरची भाषा आणि अडचण ठाऊक असणं, आणि त्याच्याकडून कमी अपेक्षा न ठेवणं. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात हेच मागितलं होतं. प्राथमिक शाळेतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत आणि ते मुलांपासून फटकून वागतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करा, ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असं त्यांचं म्हणणं. शाळेत मूल घेतलं जातं की नाही, एवढ्यावर न थांबता त्यांनी शिकवणार कोण हे विचारलं. अमेरिकेला हा प्रश्न ३८,००० माणसं घालवल्यावर पडला.

यावर उपाय चालू आहेत, पण छोटे. साउथ कॅरोलिनातल्या क्लेम्सन विद्यापीठाने २००० साली काही कृष्णवर्णीय महाविद्यालयांबरोबर ‘कॉल मी मिस्टर’ हा कार्यक्रम सुरू केला. गरीब घरातल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांना प्राथमिक शिक्षक होण्यासाठी शुल्कात मदत, गटाने राहणं-शिकणं आणि पुढे नोकरी मिळवायला आधार. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा राज्याच्या प्राथमिक शाळांत कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक शंभरात एकही भरत नव्हता. आता हा कार्यक्रम इतर राज्यांतही पोचला आहे. शिक्षक घडायला चार वर्षं लागतात आणि त्याला शाळेत टिकवायला त्याहून जास्त. पगार कमी, शैक्षणिक कर्ज डोक्यावर, आणि शाळेत एकटाच कृष्णवर्णीय पुरुष असल्याने शिस्तीचं प्रत्येक प्रकरण त्याच्याच गळ्यात, अशा कारणांनी अनेक जण सोडून जातात. त्यामुळे नवी भरती वाढवण्याइतकंच शाळेतलं काम कसं वाटलं जातं याकडेही लक्ष द्यावं लागतं, आणि ते मुख्याध्यापकाच्या हातात असतं, न्यायालयाच्या नव्हे.